नाताळच्या सुट्ट्या आणि कालवं (म्हणजे ऑयस्टर): बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की हे प्रश्न चालू होतात. कोणी नाताळात गोव्याला चाललेलं असतं, कोणाला मुलीने अमेरिकेत एडिसनला बोलावलेलं असतं, कोणाचा मेहुणा रत्नागिरीहून गाडीने येताना "डबा आणू का" म्हणून फोन करतो, आणि मग सगळे मलाच विचारतात कारण आमच्याकडे खाणारी माणसं जास्त आणि माझं माहेर कोकणातलं. दरवर्षी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून इथे सगळं एकदाच लिहून टाकते. क्रम वगैरे काही लावलेला नाहीये, आठवेल तसं लिहिलंय.

बडोद्यात कालवं मिळतात का?

शिंपल्यासकट जिवंत कालवं मला तरी इथल्या मासळीवाल्यांकडे कधी दिसली नाहीत, आणि त्यांचीही काय चूक, पापलेट सुरमई कोळंबीला गिऱ्हाईक आहे, कालवं आणून ठेवली तर घेणार कोण, आपण चार घरं! त्यामुळे इथे बसून खायची तर कोकणातून किंवा मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या हातीपायी पडायचं, नाहीतर मोठ्या शहरातल्या फ्रोझन माल विकणाऱ्यांकडून अर्ध्या शिंपल्यावरची गोठवलेली मागवायची. फ्रोझनला नाकं मुरडू नका, घरी शिजवून खायला ती बरी असतात, फक्त गोठवल्याने जंतू आणि व्हायरस मरतात असं समजू नका, ते तसेच बसून राहतात.

कोकणातून मागवायची तर कधी सांगायचं?

तारीख नको, तिथी बघा. कालवं किनाऱ्याच्या खडकांना चिकटलेली असतात आणि बायका ओहोटीच्या वेळी जाऊन ती फोडून काढतात, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त आत जातं आणि जास्त खडक उघडा पडतो, म्हणून त्या तीन-चार दिवसांत माल चांगला निघतो. अष्टमीच्या सुमाराला फोन करून "वहिनी पाठवा ना" म्हटलं तर वहिनी तरी कुठून आणणार! कॅलेंडर भिंतीवर आहेच, ते बघूनच फोन करा.

काढलेली की शिंपल्यासकट?

कोकणातून येणाऱ्याला सोललेलीच आणायला सांगा. शिंपल्यासकट एक किलो आणली तर आतला गर साधारण दहावा भाग धरा, कधी त्याहूनही कमी, बाकी सगळा दगड. म्हणजे चार जणांना सुकं करायचं तर सात-आठ किलोचं ओझं, ते पण गाडीत वास मारणारं. सोललेली असतील तर डबा बर्फात घालून, झाकण घट्ट लावून, घरी आल्या आल्या फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी करून मोकळं व्हायचं. डब्यातलं पाणी जरासं पांढुरकं असेल तर चालतं, पण गुलाबी झालं किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्यायचं, वहिनीला वाईट वाटेल म्हणून खायचं नाही.

पार्टीत अर्ध्या शिंपल्यावर भाजून द्यायची असतील तरच अख्खी आणा. मुंबईहून ट्रेनने पाच-एक तासांचा प्रश्न आहे, सहज येतात.

जिवंत कालव पाण्याशिवाय एवढा वेळ राहतं?

राहतं. ओहोटीला ते तसंही तासन् तास उन्हात खडकावर कोरडं पडलेलं असतं, शिंपला घट्ट मिटून आत थोडं समुद्राचं पाणी धरून ठेवतं. आपण फक्त त्याला थंड आणि ओलसर ठेवायचं. थर्माकोलच्या खोक्यात खाली आइस पॅक, त्यावर जाड कापड, त्यावर कालवं खोलगट बाजू खाली करून, वरून ओला पंचा. हवाबंद पिशवीत घालायची नाहीत, गुदमरून मरतात. आणि लोक हमखास जे करतात ते म्हणजे घरी आणल्यावर बादलीत नळाचं पाणी भरून त्यात सोडतात "जिवंत राहतील" म्हणून, अहो ती समुद्रातली आहेत, गोड्या पाण्यात मरतील! उघडा बर्फसुद्धा त्याच कारणासाठी नको, वितळलेल्या पाण्यात ती बसून राहतात. फ्रीजमध्ये चार डिग्री किंवा खाली, पसरट भांड्यात, ओलं फडकं टाकून. परदेशात यापेक्षा जास्त दिवस ठेवतात, पण त्यांचा माल तोडल्यापासून थंडगार साखळीत असतो, आपला नसतो, म्हणून मी दोन दिवसांच्या वर ठेवत नाही.

मेलेलं कसं ओळखायचं?

तोंड उघडं दिसलं तर बोटाने किंवा दुसऱ्या शिंपल्याने टकटक करा, जिवंत असेल तर मिटतं. मिटलं नाही, टाका. शिंपला फुटलेला असेल तरी टाका. उघडल्यावर आत कोरडं ठाक असेल किंवा वास घाण असेल तरी टाका. आणि शिजवताना सगळी उघडली पण एक-दोन मिटलेलीच राहिली तर तीही टाकायची, चाकूने उचकटून बघायची नाहीत.

घरी उघडायची कशी? हात कापतो म्हणतात.

कापतो. शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते आणि चाकू सटकला तर तळहातात जातो, परदेशात सुट्ट्यांच्या दिवसांत यासाठी लोक टाके घालून घेतात. त्यामुळे पहिलं म्हणजे भाजीची सुरी अजिबात घ्यायची नाही, तिचं टोक तुटतं नाहीतर सटकतं. कालवाचा खास आखूड जाड चाकू मिळतो, ऑनलाइन मिळतो, टोकाला बोथट असतो. आधी थंड नळाखाली ब्रशने घासून माती काढा (धुवायचं, भिजवायचं नाही), मग जाड टॉवेलची घडी करून त्यात कालव धरा, खोलगट बाजू खाली, निमुळतं टोक बाहेर. त्या टोकाला बिजागरी असते. चाकू तिथे खुपसून जोर लावायचा नाही, किल्ली फिरवल्यासारखा हळू फिरवायचा, टक् असा आवाज येतो आणि सुटतं. चाकू पुसून घ्या, तिथली माती आत जाते. मग वरच्या शिंपल्याला आतून चाटून चाकू फिरवा, एक स्नायू धरून असतो तो कापला की वरचं झाकण निघतं, तसाच खालून पण सोडवा. आतलं पाणी सांडू नका, सगळी चव त्यात आहे.

पण खरं सांगू का, घरी शिजवूनच खायची असतील तर ही कसरत कशाला? मोदकपात्रात दोन-तीन मिनिटं वाफ द्या, तोंडं आपोआप सुटतात, मग चमच्याने काढा आणि पुढे नीट शिजवा. किंवा गच्चीवर शेगडी असेल तर निखाऱ्यावर ठेवा, उघडतात आणि धुराची चव पण लागते. चाकू घेऊन मर्दुमकी दाखवणारे पाहुणे सगळ्यांच्याच घरी असतात, त्यांना सोलकढीच्या कामाला लावा.

कच्चं खाऊ का? सगळे तर व्हिडिओत कच्चंच खातात.

आपल्याकडे घरी, नाही. या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

कारण समजून घ्या. कालव एका जागी चिकटून बसतं आणि पाणी गाळून त्यातलं खातं, मोठं कालव दिवसाला दीड-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. पाणी स्वच्छ असेल तर उत्तम. पण त्या खाडीत गावाचं सांडपाणी येत असेल तर त्यातले नोरोव्हायरस म्हणजे उलट्या-जुलाबाचा व्हायरस, हेपटायटिस ए म्हणजे काविळीचा व्हायरस, टायफॉइडचे जंतू, सगळं त्याच्या पोटात गोळा होतं, आणि ते आपण पोटासकट अख्खं खातो. मासा आपण साफ करून आतडं काढून टाकतो, इथे तसं काही नाही. त्याशिवाय व्हिब्रिओ नावाचे जीवाणू, ते तर सांडपाण्याशिवायही कोमट समुद्रात आपले आपण असतात, आणि आपला समुद्र बारा महिने कोमटच.

युरोपात ज्या पाण्यात कालवं वाढवतात ते पाणी सतत तपासून त्याला अ, ब, क अशा श्रेणी देतात, ब श्रेणीतली कालवं स्वच्छ समुद्रपाण्याच्या टाकीत ठेवून शुद्ध केल्याशिवाय विकायला परवानगी नाही, आणि तरीही तिकडे अधूनमधून लोक आजारी पडतातच कारण टाकीत जीवाणू बरेच कमी होतात पण व्हायरस हट्टी असतात. आपल्याकडची खडकावरून निघाली की सरळ टोपलीत. केरळात अष्टमुडीसारख्या ठिकाणी शास्त्रशुद्ध शेती होते, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती पद्धत बसवून दिली, पण मेहुण्याच्या डब्यातली कालवं तिथली नसतात ना.

लिंबू पिळलं, तिखट सॉस टाकला, वरून व्होडका, मग तर मरतील?

नाही. चव येते, जंतू मरत नाहीत. वासावरून पण कळत नाही, दूषित कालव दिसायला वासाला एकदम ताजं असू शकतं. त्यांना मारायला उष्णताच लागते.

मग किती शिजवायचं?

अमेरिकेची सरकारी मापं मी पाठ करून ठेवलीयेत. शिंपल्यासकट उकळत असाल तर तोंड उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं, वाफवत असाल तर चार ते नऊ मिनिटं. सोललेली असतील तर कमीत कमी तीन मिनिटं खळखळ उकळायची किंवा कडा मुरडेपर्यंत, तळायची तर चांगल्या तापलेल्या तेलात तीन मिनिटं, ओव्हनमध्ये दोनशे तीसच्या आसपास दहा मिनिटं. "जास्त शिजवलं की रबर होतं" हे खरं आहे पण ते अर्धा तास शिजवलं तर, या वेळात काही रबर होत नाही. नोरोव्हायरस नुसत्या झटपट वाफेला दाद देत नाही, म्हणून शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं धरू नका.

तुमच्या घरचं सुकं कसं करता?

अर्धा किलो सोललेली कालवं, दोन पाण्यातून हलक्या हाताने काढायची, बोटाने चाचपून शिंपल्याची कपची राहिलीय का बघायचं (एक तरी निघतेच, दाताखाली आली की सगळं जेवण बिघडतं). हळद, मीठ लावून ठेवायची, मीठ जरा हात राखून कारण ती मुळातच खारट. कढईत तेल जरा सढळ, ठेचलेला लसूण, दोन मोठे कांदे बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, मग मालवणी मसाला किंवा तुमच्याकडे जो असेल तो. आमच्या सासूबाई बडोद्याच्या, त्या घरचा साठवणीचा मसाला घालतात आणि चिमूटभर गूळ टाकतात, म्हणजे गुजरातचं पाणी प्यायल्याचा परिणाम, माझ्या आईला हे कळलं तर ती बेशुद्ध पडेल, पण वाईट लागत नाही. मग कालवं टाकायची, पाणी घालायचं नाही, तीच पाणी सोडतात, त्यात पाच-सात मिनिटं उकळली की तीन-चार आमसुलं, आणि रस आटला की ओलं खोबरं. तांदळाच्या भाकरीबरोबर. इथल्या बाजरीच्या रोटल्याबरोबर पण झकास जातं.

उरलाच मसाला तर त्यात भात परतून डब्याला.

नाताळच्या पार्टीला जरा फॅन्सी दिसेल असं?

एकशिपी माहीत असेल तर अर्धं काम झालं. तिसऱ्या आपण एका शिंपीवर ठेवून मसाल्यात करतो ना, तोच प्रकार कालवाचा. वाफवून उघडलेली कालवं खोलगट शिंपल्यात परत ठेवायची, वर लसूण-बटर-कोथिंबीर, ब्रेडचा चुरा, आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये बुडबुडेपर्यंत. ट्रेमध्ये खडे मीठ पसरा म्हणजे शिंपले कलंडत नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या आंत्वान्स रेस्टॉरंटचं ऑयस्टर्स रॉकफेलर म्हणून १८८९ पासूनचं नावाजलेलं खाणं आहे, ते म्हणजे हेच, वर हिरव्या पाल्याचं लोणीदार वाटण. श्रीमंत दिसावं म्हणून त्या काळच्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं नाव दिलं, आणि मूळ कृती अजून बाहेर सांगत नाहीत. आपण हिरव्या चटणीचं करतो, सांगायला लाज कसली.

पाहुण्यांना स्टार्टर म्हणून माणशी चार धरा, पहिल्यांदा खाणाऱ्याला एकच द्या आणि त्याचं तोंड बघून मग पुढचं ठरवा.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये "आर" असलेल्या महिन्यांतच खायची म्हणतात ते खरं का?

तो नियम थंड देशांचा. मे ते ऑगस्ट तिकडे उन्हाळा, कालवं अंडी घालायच्या तयारीत असतात, गर पातळ दुधट होतो, आणि फ्रीज नव्हते तेव्हा उन्हात माल नासायचा. आपल्या कोकणात मार्च, एप्रिलमध्येही "आर" आहेच पण ऊन काय मी म्हणते असतं, आणि सप्टेंबरातही "आर" आहे पण खाडीत पावसाचं गढूळ पाणी अजून उतरलेलं नसतं. माझा हिशोब साधा आहे, पावसाळाभर बंद, कारण गावातली सगळी घाण वाहून खाडीत येते, आणि नारळी पौर्णिमेनंतरही महिना-दोन महिने थांबायचं. नाताळ या हिशोबात मस्त बसतो.

नाताळ आणि कालवं हा संबंध आला कुठून?

थंडीत ती भरलेली, गोड असतात आणि सांभाळायला सोपी जातात, एवढंच. फ्रान्समध्ये नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या रात्री कालवांशिवाय जेवण पुरं होत नाही, वर्षभराच्या विक्रीतला मोठा हिस्सा त्या थोड्या आठवड्यांत जातो. अमेरिकेत बऱ्याच घरी २४ डिसेंबरच्या रात्री दुधातलं कालवांचं सूप करतात. ऑस्ट्रेलियात तर भर उन्हाळ्यात नाताळ, आणि सिडनीचा मासळीबाजार नाताळच्या आधी सलग छत्तीस तास उघडा ठेवतात, लोक रात्री दोनला पण रांगेत असतात.

मार्गशीर्षातले गुरुवार मध्ये येतात त्याचं काय?

डिसेंबर म्हटला की हे येणारच, त्यात खंडोबाचं नवरात्र असेल तर चंपाषष्ठीपर्यंत घरात काही शिजत नाही. ज्याच्या घरात जे पाळतात ते पाळा आणि पार्टी शुक्रवार-शनिवारवर ढकला. थर्टी फर्स्ट गुरुवारी आला आणि मार्गशीर्ष चालू असला तर आमच्याकडे सरळ शेव-उसळ होते, कोणी मेलेलं नाही अजून.

गोव्यात किंवा मुंबईत हॉटेलात खायची तर काय बघायचं?

आधी विचारा की माल कुठला आणि कधी आला. वेटरला माहीत नसेल तर आत विचारून यायला सांगा, चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही, उलट कौतुकाने सांगतात. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे शिजवलेलंच मागवा. उघडून कधीपासून ठेवलीत तेही बघा, ऑर्डर दिल्यावर उघडतात ती जागा बरी. ताटात आलेलं कालव ओलं, फुगलेलं, आपल्या पाण्यात बसलेलं दिसलं पाहिजे, सुकून शिंपल्याला चिकटलेलं नको. बुफेमध्ये मात्र मी हात पण लावत नाही, बर्फावर मांडलेली असतात पण नऊला बर्फाचं पाणी झालेलं असतं आणि लोक अकरापर्यंत उचलत असतात. पाच तारांकित असलं तरी बर्फ वितळायचा थांबत नाही ना.

मुलाकडे अमेरिकेला चाललोय, तिथे कच्ची खाल्ली तर?

तब्येत ठणठणीत असेल आणि इच्छा असेल तर तिथे खा, मी पण खाते. तिकडे शिंपल्यासकट येणाऱ्या प्रत्येक पोत्याला लेबल असतं, कुठल्या पाण्यातली आणि कधी काढली, आणि हॉटेलला ते लेबल नव्वद दिवस जपून ठेवावं लागतं म्हणजे कोणी आजारी पडलं तर माग काढता येतो. धोका शून्य होत नाही, मेनूवर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, ते वाचा.

मेनूवर नावं बघून घाबरू नका, ती बहुतेक गावांची-खाड्यांची नावं असतात. ब्लू पॉइंट म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडकडची, मालपेक कॅनडाची. ढोबळ मानाने पूर्व किनाऱ्याची जास्त खारट, पश्चिम किनाऱ्याची जरा गोडसर, काकडीच्या अंगाची. आपल्याला सुरुवातीला लहान आणि गोडसर बरी, कुमामोटो मिळाली तर ती मागवा. न्यूयॉर्कला गेलात तर ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या तळघरातला ऑयस्टर बार बघून या, १९१३ पासून आहे, कमानी बघायलाच पैसे वसूल. आणि मुलाचा खिसा वाचवायचा तर संध्याकाळच्या आधी हॅपी अवरला जा, बऱ्याच ठिकाणी तेव्हा निम्म्या भावात देतात. पॅरिसला असाल तर आकाराचे नंबर उलटे असतात, पाच नंबर लहान आणि एक नंबर मोठं.

गिळायचं की चावायचं?

चावा हो! एवढे पैसे देऊन गोळीसारखं गिळायचं असेल तर घरीच गोळी घ्या. लहान काट्याने सुटं आहे का बघायचं, शिंपला ओठाला लावायचा, पाण्यासकट तोंडात घ्यायचं, दोन-तीनदा चावायचं. पहिलं काही न टाकता, नंतर लिंबू. बरोबर व्हिनेगर-कांदा-मिऱ्याचं पाणी देतात ते थोडंच, नाहीतर नुसतं लोणच्यासारखं लागतं.

सोबत प्यायला काय?

बडोद्यात विचारताय म्हणजे उत्तर तुम्हालाच माहितीये, परमिट नसेल तर विषयच संपला. सोलकढी करा, आमसुलाचा आंबटपणा कालवाच्या खारटपणाला शॅम्पेनपेक्षा कमी जात नाही, हे माझं मत आहे आणि मी त्यावर भांडायला तयार आहे.

कालवं खाल्ल्यावर दूध-दही चालतं का?

आजी लोक नाही म्हणतात. अमेरिकन माणूस वर सांगितलं तसं दुधातच शिजवून खातो. घरात वडीलधारं कोणी असेल तर खीर दुसऱ्या दिवशी करा, वाद कशाला.

आत मोती सापडेल का?

नाही सापडणार. मोती देणारा शिंपला वेगळ्या कुळातला, खाण्याचं कालव वेगळ्या. यातही क्वचित खडा निघतो पण त्याला चमक नसते आणि सोनार हसतो. बडोद्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही म्हणा, खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमाराला आखाती मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता, तो २००९ मध्ये दोह्याला लिलावात पन्नास लाख डॉलरच्या वर गेला. आणि सयाजीरावांच्या राज्यात ओखामंडळ होतं, तिथला समुद्र तपासायला जेम्स हॉर्नेल नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं होतं, त्याने मोत्याच्या शिंपल्यांचंही बघून १९०९ मध्ये अहवाल दिला. म्हणजे समुद्रापासून लांब बसून शिंपल्यांची चौकशी करायची आपली सवय जुनी आहे.

ऑयस्टर सॉस आणि ऑयस्टर मशरूम व्हेज आहे का?

मशरूम व्हेज, धिंगरी अळंबी, फक्त आकारावरून नाव. सॉस नॉनव्हेज, कालवांच्या अर्कापासूनच करतात, मशरूमचा व्हेज प्रकार वेगळा मिळतो पण बाटली वाचून घ्या. शेजारच्या शाह काकूंना चायनीज खाऊ घालताना तर नक्की वाचा.

"ताकदीसाठी" चांगली असतात म्हणे?

(हा प्रश्न कायम पुरुष विचारतात आणि आवाज खाली करून.) झिंक भरपूर असतं, अमेरिकन मध्यम आकाराच्या सहा कालवांत तीसेक मिलिग्रॅम आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज आठ ते अकरा. बी-बारा पण भरपूर, लोह पण. बाकी जे तुम्ही विचारताय त्याला पुरावा नाही.

कोणी अजिबात खाऊ नयेत?

कच्ची किंवा अर्धीकच्ची कोणी खायची नाहीत ते नीट वाचा: लिव्हरचा त्रास असलेले, डायबेटिसवाले, किमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेणारे, गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं. व्हिब्रिओचा एक प्रकार, व्हल्निफिकस, लिव्हर खराब असलेल्याच्या रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत माणूस जाऊ शकतो, हे घाबरवायला लिहीत नाहीये. आपल्याकडे डायबेटिस घरोघरी आहे आणि गोव्याला गेलं की मामा सगळं विसरतात. नीट शिजवलेली यातल्या बहुतेकांना चालतात, तरी डॉक्टरांना विचारून.

कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर कालवं कदाचित चालतील कदाचित नाही, दोन्ही वेगळे प्रकार आहेत पण काहींना दोन्हीचा त्रास होतो. पार्टीत ट्राय करून बघू नका.

खाऊन त्रास झाला तर?

नोरोव्हायरस असेल तर साधारण अर्ध्या ते दोन दिवसांत उलट्या-जुलाब, ओआरएस प्यायचं, बहुतेकांना दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, पण तो घरात पसरतो, हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. ताप, थंडी, अंगावर पाण्याचे फोड, खूप गळून जाणं, यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल, आणि "कालवं खाल्ली होती" हे स्वतःहून सांगा, बडोद्यातला डॉक्टर ते मनात आणेलच असं नाही. हेपटायटिस ए तर पंधरा ते पन्नास दिवसांनी दिसतो, म्हणजे नाताळात खाल्लं आणि फेब्रुवारीत डोळे पिवळे, तेव्हा कोणाला आठवतंय.

सोसायटीत शिंपले कुठे टाकायचे? वासावरून भांडणं होतात.

होतात, खरंय. तसेच कचऱ्यात टाकले तर दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहवत नाही. घासून, दहा मिनिटं उकळून, गच्चीत दोन दिवस कडक उन्हात वाळवा, वास जातो. मग पोत्यात घालून हातोडीने बारीक करा आणि कुंड्यांत टाका, कॅल्शियमच आहे ते, फक्त गुलाब-मोगऱ्याला थोडंसंच, त्यांना आंबट माती लागते. आणि उकळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतल्यावर मागून बादलीभर साधं पाणी सोडा, नाहीतर खालच्या मजल्यावरून फोन येतो.